छत्तीस स्लीपरांवरची टाकी

फोटोत टाकी नाही, असं औषधवाले म्हणाले आणि कवळीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राग तसा तिच्या नाकावरच बसलेला असायचा, नाही म्हणायचं कारण नाही. हिच्याकडे कवळी करायला जायचं तर तोंड उघडण्याआधी दहादा विचार करावा, असं गावात म्हणत. गावात दातांचे डॉक्टर तीन, आणि तिघांचंही साच्याचं काम हिच्याकडे. घराच्या वरच्या खोलीत तिचं सगळं दुकान: प्लास्टरची पोती, मेणाच्या पट्ट्या, गुलाबी हिरड्यांची भुकटी, घासायची छोटी यंत्रं आणि फळीवर ओळीने मांडलेले गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचे जबडे. कुणाशी वाजलं की ती त्याचा जबडा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायची. पण आजचा राग असला, येता-जाता येणारा नव्हता. तो एकोणतीस वर्षं मुरलेला होता.

झालं होतं असं, की नगरपालिकेला अचानक जुन्या स्टेशनचा पुळका आला. ती फाट्याची रेल्वे मोठ्या जंक्शनवरून निघायची, मधे तीन स्टेशनं घ्यायची आणि या गावात येऊन संपायची. ती बंद पडून सत्तावीस वर्षं झाली. रूळ उपटून नेले, यार्डावर सिमेंट ओतून गाड्या लावायला जागा केली, उरली ती स्टेशनची एकुलती इमारत. तिथे आता प्रदर्शनाचं दालन करायचं आणि मधोमध त्या रेल्वेची हुबेहूब छोटी प्रतिकृती मांडायची, असं ठरलं. समितीचे अध्यक्ष औषधवाले. त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचा भारी नाद; इंजिनं आणि डबे त्यांच्याकडे तयार होते. पण डोंगर, पूल, फलाट, यार्ड कोण करणार? प्लास्टर आणि मेणात कवळीवालीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला विचारलं, तिने एका शब्दात हो म्हटलं. औषधवाल्यांना वाटलं, बाईला आपल्या कामाची कदर कळली. बाईचा हेतू निराळाच होता.

तिचे बाबा त्या स्टेशनावर सांधेवाले होते. सांधेवाला म्हणजे रूळ बदलणारा माणूस. गाडीने कुठल्या रुळावर जायचं ते त्याच्या दांड्यावर. स्टेशनाशेजारी मालडबे उभे करायची एक साइडिंग होती आणि तिला मुख्य रुळाकडे उतार होता. म्हणून सांध्यावर तजवीज अशी, की सांधा नीट लावलेला असेल तर सुटलेला डबा वाळूच्या ढिगात जाऊन रुतणार. लावलेला नसेल तर सरळ मुख्य रुळावर, आणि तिथून उतारावर खाली फाटकापर्यंत. एका दुपारी दगडांनी भरलेला डबा सुटला आणि फाटकापर्यंत गेला. फाटकवाला फाटक लावत होता. तो जागच्या जागी गेला.

चौकशी झाली. स्टेशनमास्तरांनी सांगितलं, मी माझ्या खुर्चीतून, खिडकीतून, या डोळ्यांनी पाहिलं. सांधा न लावताच हा माणूस दिव्यांचं तेल भरायला निघून गेला. बाबांनी सांगितलं, मी सांधा लावला, कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला होती. त्या कुलपाची दुसरी किल्ली मास्तरांच्या खणात असायची आणि त्या दुपारी एक व्यापारी डबा लवकर पुढे घ्या म्हणून मास्तरांच्या मागे लागला होता. पण दुसऱ्या किल्लीचं कुणी विचारलंच नाही. मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना, मग संपलं. बाबांची नोकरी गेली. पुढची वीस वर्षं त्यांनी लाकडाच्या वखारीवर पहारा केला. फाटकवाला त्यांचा जिवाभावाचा होता. त्याची बायको शेवटपर्यंत बाबांशी बोलली नाही, आणि तशीच गेली.

आणि गावाने काय केलं? गावाने विनोद केला. मास्तर रोज दुपारी खिडकीतून ओरडायचे, "सांधा?" आणि बाबा तिकडून ओरडायचे, "लागला!" बाजारपेठेपर्यंत ऐकू जायचं. अपघातानंतर गावाने तेच उचललं. कुणी दुकानाचं शटर ओढलं की समोरचा हाक मारणार, सांधा? आणि हा दात काढत म्हणणार, लागला! म्हणजे काय, तर नुसतं म्हणायचं, केलेलं काही नाही. आता तर ज्यांनी कधी आगगाडी पाहिली नाही ती पोरंसोरं दप्तर बंद करताना तेच म्हणतात. कवळीवालीच्या स्वतःच्या तोंडावर एका गिऱ्हाइकाने नवी कवळी बसवताना विचारलं होतं, नीट लागली ना बाई, की तुमच्या सांध्यासारखी? तिने ती कवळी त्याच्या तोंडातून परत काढून घेतली होती. तो माणूस आठ दिवस पेज पीत होता.

तर टाकीचं प्रकरण हे, की बाबा पहिल्यापासून सांगत आले होते, मास्तरांच्या खुर्चीतून सांधा दिसतच नाही. मधे पाण्याची टाकी आहे. खाली दीड पुरुष उंचीचा दगडी चौथरा, वर लोखंडी टाकी. पण चौकशीचे साहेब आले तोवर महिना उलटला होता आणि टाकी गळते म्हणून पाडून टाकलेली होती. गळते असा कागद कुणी लिहिला, ते सांगायला नको. साहेबांनी खिडकीतून पाहिलं, त्यांना सांधा लख्ख दिसला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

म्हणून तिला ती प्रतिकृती हवी होती. एक मीटरला एक सेंटिमीटर, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. टाकी जिथे होती तिथे, खिडकी जिथे होती तिथे. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून मास्तरच येणार होते, शहाऐंशीचे, काठी टेकत. त्यांच्या तोंडातली कवळीही हिनेच केलेली. दात तिचे, शब्द मात्र त्यांचे. त्यांना गावासमोर त्या खिडकीतून बघायला लावायचं आणि काय दिसतं ते त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं. बाबा एक्याऐंशीचे झाले होते. डोळ्यांना आता उजेड आणि माणसांचे आकार तेवढे कळायचे, पण कान शाबूत होते. त्या कानांवर ते शब्द एकदा पडायला हवे होते, बस. याहून जास्त तिला काही नको होतं आणि याहून कमी चालणार नव्हतं.

आणि इथे हा औषधवाला बोट नाचवत सांगत होता, फोटोत टाकी नाही! फोटो कसला, तर शेवटची गाडी सुटली त्या दिवसाचा. टाकी पडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. शिवाय त्यांचं म्हणणं, टाकीमुळे स्टेशनचं दर्शनी रूप झाकलं जातं, पाहुण्यांना इमारत दिसायला हवी. तिने शांतपणे, म्हणजे तिच्या मानाने शांतपणे, सांगितलं, की टाकी राहील, नाहीतर डोंगर, पूल, फलाट सगळं घेऊन मी घरी जाईन. मग तुमची इंजिनं तुम्ही तुमच्या गल्ल्यावर फिरवा. औषधवाल्यांनी हात जोडले आणि बरं म्हणाले. ते बरं तिला तेव्हाच पटायला नको होतं.

घरी काम जोरात चाललं होतं. मधल्या खोलीत चार टेबलं जोडून वर फळ्या टाकलेल्या. बाबांची आंधळी होत चाललेली नजर आणि शाबूत आठवण यांच्यावर सगळं उभं होतं. ते मीटर सांगत नसत, स्लीपर सांगत, म्हणजे रुळांखालची आडवी लाकडं. तीस वर्षं ते त्या रुळांमधून स्लीपरवरून स्लीपरवर पाय टाकत चालले होते. फलाटाच्या टोकापासून सांधा मुख्य रुळावर एकशे बारा स्लीपर. सांध्यापासून टाकी साइडिंगच्या रुळावर छत्तीस स्लीपर. पन्नास वेळा विचारलं तरी तेच, एकाचाही फरक नाही. जंक्शनवरच्या एका जुन्या माणसाकडून तिने काढून आणलं, की दोन स्लीपरांत अंतर पासष्ट सेंटिमीटर. झालं, तिने मापं घेतली.

घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या, बाबांची धाकटी बहीण. तिला हा पसारा डोळ्यांसमोर नको होता. जेवायला बसायचं कुठे, तर बोगद्याशेजारी. तिने एकदा पूल ओलांडून मीठ पुढे केलं आणि दोन सिग्नल आडवे केले. वर पुन्हा तोंड सुरूच. म्हणाली, टाकी असती तर, फोटो असता तर, आत्याबाईला मिश्या असत्या तर काका म्हटलं असतं! पण दुपारी सगळे कामात असले की हीच आत्या फडक्याने एकेक झाड पुसून ठेवायची, हेही कवळीवालीने पाहिलं होतं.

उद्घाटनाला चार दिवस उरले असताना तिने टाकी बसवली. मास्तरांच्या खोलीचं छप्पर उचलता येईल असं केलेलं होतं. आत खुर्चीच्या जागी, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, तिने दात तपासायचा छोटा गोल आरसा तिरका लावला. वरून त्यात पाहिलं, की खिडकीतून जे दिसायचं तेच दिसणार. तिने हात पुसले, श्वास रोखला आणि वाकून पाहिलं.

आरशात डाव्या अंगाला टाकी होती. आणि टाकीच्या उजव्या कडेला, अगदी स्वच्छ, लाल रंगवलेल्या दांड्यासकट सांधा दिसत होता.

तिने आरसा पुसला. पुन्हा पाहिलं. खिडकीचं माप तपासलं, फलाटाचं तपासलं, एकशे बारा स्लीपर मोजले, छत्तीस मोजले. सगळं बरोबर होतं आणि सांधा दिसत होता. तिच्या अंगाची अशी काही लाही झाली, की समोर मास्तर असते तर बरं झालं असतं. समोर बाबा होते. खुर्चीत बसून, मान तिरकी करून, काय दिसतंय ते कधी सांगते याची वाट बघत.

"बाबा, आज मला खरं सांगा," ती म्हणाली, "सांधा लावला होता का?"

बाबांनी तिच्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "लावला होता." तेवढंच. उठले, भिंतीला हात लावत लावत आपल्या खोलीत गेले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत.

आत्याने तिला धारेवर धरलं. म्हणाली, अख्ख्या गावाने विचारलं तेव्हा त्याला काही वाटलं नाही, गाव परकं होतं; तू विचारलंस. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! कवळीवालीनेही आवाज चढवला. तिने इतकी वर्षं लोकांशी भांडणं विकत घेतली ती कशाच्या जोरावर, आणि आता मापंच उलटली तर तिने मास्तरांना कुठल्या तोंडाने आरशात बघायला सांगायचं? आत्या म्हणाली, माप तुझं, टाकी तुझी, आणि खोटा मात्र माझा भाऊ? कवळीवालीचा राग आणखी चढला. तिने वरच्या खोलीत जाऊन दोन चांगले जबडे उगाचच घासून खराब केले.

सकाळी ती चहा घेऊन खाली आली तर बाबा फळीशी उभे. त्यांनी फलाट हाताने चाचपून ओळखला होता आणि दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, पायांसारखी करून ते मुख्य रुळावरून चालत होते. एका स्लीपरवरून दुसऱ्यावर. ओठांत मोजत होते. एकशे बाराला सांधा लागला. त्यांनी मान हलवली, वळले आणि साइडिंगवर निघाले. तिसऱ्या-चौथ्या स्लीपरवरच थांबले. परत सांध्यापाशी गेले, परत निघाले, परत थांबले.

"हे मी नाही चालत," बाबा म्हणाले. "इथे माझी ढांग लांब पडायची."

तिला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं, जणू यात सांगण्यासारखं काही नाही अशा आवाजात. साइडिंगवर गाडी पळत नाही, नुसते डबे उभे राहतात. तिथे स्लीपर कमी घालायचे, म्हणजे अंतर जास्त. मुख्य रुळावर पाऊल टाकायचं, साइडिंगवर ढांग टाकायची. नवीन माणूस पहिल्या दिवशी तिथे हमखास अडखळायचा. बाबा तीस वर्षं चालले, पायांना ते इतकं अंगवळणी पडलेलं, की तोंडाने सांगावं असं कधी वाटलंच नाही. आणि हिने सगळ्या रुळांना एकच माप लावलं.

तिने जंक्शनवरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, साइडिंगला ऐंशी, अहो हे तर कुणालाही माहीत असतं! कुणालाही म्हणजे रेल्वेतल्या कुणालाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिने तिथेच खाली बसून छत्तीस स्लीपर उचकटले, ऐंशीच्या मापाने पुन्हा बसवले आणि टाकी जवळजवळ साडेपाच सेंटिमीटर स्टेशनाकडे सरकवली. वाकून आरशात पाहिलं. खिडकीभर दगडी चौथरा. सांधा नाही, दांडा नाही, वाळूचा ढीगसुद्धा नाही.

माफी मागायची तिला सवय नव्हती आणि बाबांना ऐकायची नव्हती. तिने त्यांचा गार झालेला चहा परत गरम करून दिला. आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, बघा, गाडी आली रुळावर. पण कालचा तो प्रश्न कवळीवालीला काही परत घेता आला नाही.

उद्घाटन सकाळी अकराला. फळ्या आदल्या दिवशीच दालनात हलवल्या होत्या. ती बाबांचा हात धरून पोचली तेव्हा पाऊणशे माणसं जमली होती, औषधवाले कोट घालून इकडून तिकडे धावत होते, त्यांचं निळं इंजिन दोन डबे ओढत डोंगराला वळसा घालत होतं. तिने पहिल्यांदा यार्डाकडे पाहिलं. टाकी नव्हती. टाकीच्या जागी एक हिरवं झाड होतं, स्पंजाचं, बाजारात मिळतं तसलं, आणि त्याखाली बाकावर बसलेली एक प्लास्टिकची बाई.

औषधवाले तिच्या नजरेच्या टप्प्यातून बाजूला होऊ बघत होते. त्यांना तिने कोटाच्या बाहीला धरून थांबवलं. ते हळूच म्हणाले, वाद नको म्हणून केलं. मास्तरांचं वय बघा, चांगला दिवस आहे, झालं गेलं कशाला उकरायचं. तिला त्या क्षणी औषधवाल्यांचा राग आला, झाडाचा आला, त्या प्लास्टिकच्या बाईचाही आला. मधे बोट घालून सगळं साळसूद करून ठेवायचं आणि त्याला चांगला दिवस म्हणायचं! बाबांची वखारीवरची वीस वर्षं या माणसाच्या लेखी वाद होती.

पण कवळीवाल्यांची एक रीत असते. नवी कवळी पहिल्या आठवड्यात हमखास हरवते, फुटते, नाहीतर नातवंडं खेळायला नेतात. म्हणून साचा कधी फेकायचा नाही आणि महत्त्वाचं काम असलं की दुसरा नग ओतून ठेवायचाच. तिने पिशवीतून कापसात गुंडाळलेली दुसरी टाकी काढली. स्पंजाचं झाड उपटून बाईसकट औषधवाल्यांच्या हातात दिलं आणि टाकी छत्तिसाव्या स्लीपरपाशी बसवली. समितीचा माणूस तिच्याशी बोलायला पुढे आला आणि तिचा चेहरा पाहून मागे गेला.

मास्तर आले. टाळ्या झाल्या. त्यांनी फीत कापली, चार शब्द बोलले, आमच्या वेळची शिस्त वगैरे. मग प्रतिकृती बघायला फळीशी आले. तिने मास्तरांच्या खोलीचं छप्पर उचललं आणि म्हणाली, ही तुमची खोली, हा आरसा तुमच्या खुर्चीत बसलाय, काय दिसतं ते जरा सगळ्यांना सांगा. आवाज तिने गोड ठेवला होता, आणि तिचा गोड आवाज गावाने कधी ऐकलेला नसल्यामुळे माणसं आपोआप गप्प झाली.

मास्तर वाकले. चष्मा नाकावर घेतला. कौतुकाने आत पाहिलं, आणि ते कौतुक चेहऱ्यावर तसंच थिजलं.

"टाकी," ते म्हणाले.

"आणि सांधा?"

मास्तर सरळ झाले. काठी या हातातून त्या हातात घेतली. मग लोकांकडे बघून हसले आणि म्हणाले, खेळणं छान झालंय, पण खेळणं ते खेळणं. टाकी नेमकी कुठे होती हे आता कोण सांगणार? यांच्या बाबांनी सांगितलं तिथे यांनी लावली. माझ्या आठवणीप्रमाणे ती बरीच पुढे होती आणि मला सांधा स्वच्छ दिसायचा. म्हातारा माणूस, हसरा चेहरा. मागे दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कुणी तरी म्हणालंसुद्धा, जाऊ द्या हो बाई, किती वर्षं झाली.

तिच्या डोक्यात तिडीक उठली. ऐंशी सेंटिमीटर, छत्तीस स्लीपर, जंक्शनचा माणूस, सगळं सांगायला तिने तोंड उघडलं आणि तिला दिसलं, की यातलं काहीच कुणी ऐकणार नाही. सगळे घड्याळाकडे बघत होते. एकोणतीस वर्षांचा जोर लावून तिने ही फळी उभी केली होती आणि एका हसऱ्या म्हाताऱ्याने ती फुंकरीने खेळणं करून टाकली होती.

तेवढ्यात बाबा उभे राहिले. भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीतून, कुणाचा हात न धरता. आवाजाच्या दिशेने तोंड करून त्यांनी विचारलं, रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं:

"मास्तर, सांधा दिसत होता, तर रोज ओरडून विचारायचात कशाला?"

औषधवाल्यांचं निळं इंजिन तेवढं फिरत होतं. मास्तरांचं तोंड हललं आणि नुसती कवळी कटकन वाजली. आणि पाऊणशे माणसांच्या चेहऱ्यांवर एकेक करून ते उमटत गेलं. कारण यात मोजायचं काही नव्हतं, जंक्शनला विचारायचं काही नव्हतं. ती हाक सगळ्यांनी ऐकली होती. अपघाताच्या दुपारीही ऐकली होती, हाक आणि उत्तर दोन्ही, आणि चौकशीला यातला एकही गेला नव्हता, कारण मालाला डबा कुणाला मिळणार ते मास्तर ठरवायचे. ज्याला दिसतं तो विचारत नाही. ही साधी गोष्ट त्यांनी एकोणतीस वर्षं शटर ओढताना, दप्तर लावताना, एकमेकांना डोळे मिचकावून बोलून दाखवली होती.

मास्तर खाली बसले. बसता बसता म्हणाले, "नव्हता दिसत." हळू म्हणाले, पण खोली लहान होती. बाबांनी मान हलवली आणि आपली खुर्ची चाचपली.

घरी जाताना तिने बाबांना विचारलं, हे आधी का नाही बोललात? बाबा म्हणाले, तसं कुणी विचारलंच नाही. साहेबांनी विचारलं, सांधा लावला होता का? मी म्हटलं, लावला होता. सगळे तेवढंच विचारायचे. मी तेवढंच सांगायचो. ते हे तक्रारीच्या सुरात म्हणालेच नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. टाकी, आरसा, साचे, सगळं तिने केलं होतं. एकदा खाली बसून, बाबा, रोज काय काय व्हायचं ते सांगा, एवढं मात्र तिने केलं नव्हतं. तिनेही शेवटी तोच प्रश्न विचारला होता. जिंकल्याचं सुख तिला झालं नाही, असं नाही. पण राग गेला नव्हता. मास्तरांवरचा होता, गावावरचा होता, आणि आता त्यात स्वतःवरचाही मिळाला होता.

बाजारपेठेत दुपारची दुकानं बंद होत होती. भांड्यांच्या दुकानदाराने शटर ओढलं. समोरचा छत्रीवाला, दालनात न गेलेला, सवयीने ओरडला, "सांधा?"

भांडीवाला दालनातूनच आला होता. त्याने बाबांना पाहिलं आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कवळीवालीचा हात छत्रीवाल्याच्या दिशेने उठणारच होता. पण बाबा थांबले, तिच्या हातातून आपला हात सोडवला, छाती भरून श्वास घेतला आणि यार्डाच्या टोकाहून द्यायचे तशी पेठभर ऐकू जाईल अशी हाक दिली.

"लागला!"